फुटाला पाऊण इंच

काचीगुड्याच्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. माझे वडील, आबा, आंघोळीला उठत ते पहाटेच्या गाडीच्या शिट्टीवर. यार्डात इंजिन पाणी घ्यायला लागलं, की आई भाताखालचा जाळ कमी करी. वाफ सोडल्याचा तो लांब, थकलेला सुस्कारा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येई, आणि भाताच्या वाफेत मिसळून जाई. लहानपणी मला खरोखरच वाटे, की भात स्टेशनावरून येणाऱ्या वाफेवरच शिजतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळीचे बारीक ठिपके पडत. आई त्या झटकून डब्यात भरी आणि म्हणे, "छोट्या लाईनीचं मीठ आहे हे, खा." आज शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला सातव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून मेट्रो जाताना दिसते. तिला सुस्कारा नाही. दुपारी डोळा लागला, की मात्र मला अजूनही पाणी घेणारं इंजिन ऐकू येतं, आणि अर्धवट झोपेत भाताचा वास येतो.

मी पॉलिटेक्निकला होतो तेव्हा त्या छोट्या लाईनीच्या, म्हणजे मीटर गेजच्या, इंजिनाची प्रतिकृती बनवायचं माझ्या डोक्यात बसलं. दुकानात मिळणारं चावीचं खेळणं नव्हे. खऱ्या इंजिनाच्या दर फुटाला आपला पाऊण इंच, असं प्रमाण मी धरलं. इंजिन आणि मागची कोळशा-पाण्याची गाडी मिळून ते जवळजवळ चार फूट लांब होणार होतं. इतक्या मोठ्या मापाला का हात घातलास, असं मला पुढे या छंदातल्या लोकांनी विचारलं. याचं उत्तर असं, की लहान मापात खोटं बोलता येतं. तिथे खिळ्याच्या जागी रंगाचा ठिपका चालतो. या मापात दाराची बिजागरी ही बिजागरीच लागते, ती फिरावी लागते. मला काहीच खोटं नको होतं. त्या वयात मला खरेपणाचा मोठा गर्व होता. आज तो शब्द लिहितानाही माझी मान खाली जाते.

आबा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होते. मी यार्डातून इंजिनाची मापं घेऊन आलो, की ते पेपर खाली करून विचारत, "काय इंजिनिअरसाहेब, आज कुठला अवयव?" मी म्हणायचो, "आज पायऱ्या, आबा." ते आईलाही त्यात ओढून सांगत, "ऐकलंस का, पायऱ्या झाल्या. या चालीनं नातवंडं डायवर होतील." पण रविवारी ते स्वतःच माझ्याबरोबर यार्डाच्या कुंपणाशी येत, आणि मी मापं घेत असताना ओळखीच्या फायरमनला विडी देऊन गप्पांत गुंतवत. ही त्यांची मदत होती, हे मला फार उशिरा कळलं.

जेवायची खोली इंजिनाने व्यापली. आम्ही ताटं घेऊन ओसरीत बसू लागलो. घरात पत्र्याचे तुकडे, कानस, जोडाला डाग द्यायचं कथील आणि त्या सगळ्यावर अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास. आई पोळपाट उचलताना खाली सांडलेला पितळेचा कीस पदराच्या टोकाने टिपून एका वाटीत ठेवी. ती शेजारपाजारच्यांचे ब्लाउज शिवायची, आणि तिचं पायाचं मशीन खिडकीशी असे. मागच्या गाडीच्या पत्र्यावर शेकडो खिळ्यांची डोकी दिसायला हवी होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर. मी खिळा आणि हातोडी घेऊन एकेक टोचत बसलो, तर ओळ दारू प्यायल्यासारखी वाकडी जाई. आई दोन दिवस बघत होती. मग म्हणाली, "आण इकडं. टाकाच घालायचाय ना सारखा?" तिने सुईचं टोक सहाणेवर घासून बोथट केलं, दोरा काढला, पातळ पत्र्याखाली रबराचा तुकडा ठेवला, आणि पायाने नाही, हाताने चाक फिरवत सावकाश शिवत गेली. पत्रा उलटला, तर मुगाच्या दाण्यांहून बारीक टेंगळांची सरळ ओळ. आबा म्हणाले, "ब्लाउजाचं मापही असंच सरळ काढत जा, म्हणजे बायका भांडायच्या नाहीत." आई म्हणाली, "इंजिन पोट सोडत नाही ना. बायका माप देऊन जातात आणि महिन्यानं येतात."

पुढच्या गोल दाराचं मापही तिनेच दिलं, तिला न कळत. बॉयलरच्या तोंडावर एक दार असतं, धुराड्याखालची राख त्यातून काढतात. ते मला उघडझाप होणारं करायचं होतं. कंपास हरवलेला होता. हिशेबाने येणारं माप मी पट्टीवर धरून घरभर काहीतरी गोल शोधत फिरलो. वाटी मोठी पडे, डबीचं झाकण लहान. आई कणीक तिंबायला बसली होती, बांगड्या काढून पाटावर ठेवलेल्या. त्यातली एक उचलून पट्टीवर ठेवली, तर आतला गोल बरोब्बर जुळला. तीच पत्र्यावर दाबून धरून मी आतून रेघ ओढली आणि त्या रेघेवर भोक कापलं. "माझी बांगडी वाकवू नको रे," एवढंच ती कणकेतून म्हणाली.

राहिला होता बॉयलर. इंजिनाचं सगळं रूप त्या लांब गोल पोटात असतं, आणि त्याला हवा होता चांगल्या पितळेचा सलग, बिनजोडाचा पत्रा. बाजारात मिळत होता तो एक तर फार पातळ, नाहीतर आमच्या आवाक्याबाहेरचा. काम अडलं. पोटाशिवाय चाकांवर उभा असलेला तो सांगाडा बघत मी जेवत नसे, नीट बोलत नसे. एका दुपारी आईने माळ्यावरून तिचा पितळी डबा काढला आणि चिंचेने घासून माझ्यासमोर ठेवला.

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात मुलीला भांडी देतात आणि त्यांवर कासार छिन्नीने टिंबाटिंबांची अक्षरं पाडून नाव घालतो. आई नांदेडकडची. तिच्या आईने तिला दिलेल्या त्या उंच, सरळ कडांच्या डब्यावर अक्षरं होती: 'कुसुम हीस आईकडून'. पण कुसुम या घरात कधी आलीच नाही. आबांच्या थोरल्या वहिनीचं नाव कुसुम होतं, म्हणून लग्नाच्या बोहल्यावरच तांदळात अंगठीने आईचं नाव सुनंदा लिहिलं गेलं. माहेर पुढे उरलं नाही. तिला कुसुम म्हणणारं माणूस उरलं नाही. उरला तो डबा. त्यात ती दिवाळीचे लाडू ठेवी, आणि लाडू काढताना, माझ्या लक्षात आहे, तिचा अंगठा बाहेरून त्या टिंबांवर फिरत असे.

"हा घे," ती म्हणाली. "याचा पत्रा पुरंल?"

मी मापलं. पुरत होता. मी तिला नको म्हणालो नाही. एकदा, वरवरचंसुद्धा म्हणालो नाही. मी आधी मापलं.

डबा कापायचा कुणी, तर नूरभाईंनी. स्टेशनच्या वळणावर त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पत्रा कापणं, वाकवणं, डाग देणं हे सगळं ते करत. डबा हातात घेऊन त्यांनी तो फिरवला आणि परत माझ्या हातात दिला. "मियाँ, इसपे तो नाम है. नाम का बर्तन मैं नै काटता."

"आईनंच दिलाय, नूरभाई."

"अम्मा देती बोल के तू लेता? हौला है क्या रे तू?" मला असं वेड्यात काढून ते एका बाईच्या स्टोव्हमध्ये पिन घालायला वळले.

मी तोंड पाडून घरी आलो. आईने चपला घातल्या. माझ्यापुढे भराभर चालत ती दुकानात गेली आणि आपल्या मराठी-दखनीत म्हणाली, "नूरभाई, काटो तुम. मैं बोलरी ना."

"लिखा क्या है इसपे, अम्मा? मेरे कू ये अक्षरां नै आते."

"कुसुम, लिखा है."

"ये कौन?"

आई हसली. "मैं. पैले की मैं."

कोनाड्यातला खडू उचलून आईने स्वतः डब्यावर रेघ मारली, नावापासून आठ बोटं सोडून, खाली एक, वर एक. "इतना बचाके काटना." नूरभाईंनी कात्री उचलली, पण आधी मला दम दिला, "सुन रे, नाम ऊपर रख. दिखने दे. रेल के इंजन पे बी नामां रैते."

डब्याचा तळ आणि तोंड सुटलं, सांधा उकलला, आणि पत्रा सपाट झाला तेव्हा ती अक्षरं प्रथमच एका सरळ ओळीत आली. नाव बाहेर ठेवून बॉयलर वळला असता, तर ओळ त्याच्या कुशीवर पाटीसारखी, लांबीने बसली असती. सपाट पत्र्याची कुठलीही बाजू बाहेर घेता येते. नूरभाईंनी विचारलं, कुठली?

मी म्हणालो, नाव आत.

आई तिथेच उभी होती. लपवाछपवी काहीच नव्हती. मी तिला नकाशा उघडून समजावलं, की खऱ्या इंजिनाच्या बॉयलरवर पट्टे असतात, खिळे असतात, नळ्या असतात. असं काही नसतं. खरं दिसलं पाहिजे, आई. ती नकाशाकडे फार लक्ष देऊन बघत होती, तिला त्यातलं काही कळत नसताना. मग म्हणाली, "हौ का? बरं. तुला कळतं त्यातलं." पत्रा वळवताना नूरभाईंनी नेहमीसारखं गाणं गुणगुणलं नाही. टिंबांचे उलटे उठाव बाहेरच्या अंगाला अगदी बारीक जाणवत होते. घरी आणून मी ते कानशीने घासून सपाट केले. तो किसही आईने टिपून वाटीत ठेवला.

इंजिन पुरं झालं ते खंडेनवमीला. काळा रंग असा बसला होता, की त्यात ओसरीतली माणसं लांबट होऊन दिसत. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आईने मशीनला झेंडूची माळ घातली, विळीला, आबांच्या सायकलला कुंकू लावलं. गल्लीतले सगळे इंजिन बघायला आले होते. पोरं दार उघडझाप करत होती, आबा प्रत्येकाला सांगत होते, "सगळं विनूनं केलं, बरं का, एकट्यानं," आणि मी ते खोडून काढत नव्हतो. खिळे कुणी घातले, पत्रा कुणाचा, मी एकदाही बोललो नाही. आई नवं लुगडं नेसून कुंकवाची कोयरी घेऊन आली. तिने एक बोट कुंकवात बुडवलं होतं, पण ते लावायच्या आधी तिचा दुसरा हात बॉयलरच्या डाव्या कुशीवर गेला. तिथे, जिथे आतून अक्षरं होती. तिची बोटं सावकाश मागेपुढे फिरली.

"आई, हात नको लावूस," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "डाग पडतात. आणि कुंकू नको. खऱ्या इंजिनाला कुणी कुंकू लावतं का?"

तिने हात काढून घेतला. भरलेलं बोट कुठे पुसावं हे तिला क्षणभर सुचेना. मग तिने ते आपल्याच कपाळाला, आधीच्या कुंकवावर लावलं, आणि लोकांना म्हणाली, "बसा की, लाडू आणते." लाडू त्या वर्षी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात होते.

संध्याकाळी मी उगाच स्टेशनाकडे गेलो. लोकांच्या कौतुकाने अंग हलकं झालं होतं. कुंपणाशी गेलो आणि थांबलो. माझं इंजिन, म्हणजे ज्याचा खिळा न् खिळा मी मापला होता ते, मावळतीच्या उजेडात उभं होतं. त्याच्या तोंडावर झेंडूची जाडजूड माळ होती. गोल दाराला हळदीचे पट्टे ओढलेले, मधोमध तळहाताएवढं कुंकू. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले. आणि बॉयलरच्या काळ्या कुशीवर कुणीतरी खडूने, तेलुगूत, मोठ्या गोल अक्षरांत एक नाव लिहिलं होतं. ओळखीचा फायरमन नारळाचा तुकडा चघळत पायरीवर बसला होता. मी विचारलं, कुणाचं नाव हे? तो म्हणाला, "मा अम्मदी." माझ्या आईचं. दर वर्षी लिहितो. पाऊस येईपर्यंत राहतं, मग जातं.

वाफ माझ्यापर्यंत येत होती, ओली, कोमट. खऱ्या इंजिनावर काय असतं आणि काय नसतं, हे मी आईला नकाशा उघडून सांगितलं होतं.

घरी आलो तेव्हा ती मशीनवर बसली होती, माळ न काढता शिवत होती. मी दाराशी उभा राहिलो. "जेवायला वाढू का रे?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. बॉयलर आता डाग देऊन कायमचा बंद झाला होता, वर नळ्या, पट्टे, सगळं बसलेलं. उलटायचा, तर इंजिन मोडावं लागलं असतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. कारण खरंच आहे. त्याने काही भागत नाही, एवढंच.

छोटी लाईन गेली. आबा गेले. नूरभाईंचं दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी पुढे इंजिनं पुष्कळ केली, बालानगरच्या एका कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात, आणि त्यातल्या प्रत्येकावर कुठे ना कुठे नाव घातलं. पण पहिलं इंजिन फळ्यांच्या पेटीत भुसा भरून तसंच घरोघर हिंडत राहिलं. मी ते उघडत नसे. बायको म्हणे, विका तरी, नाहीतर मांडा तरी.

यंदाच्या खंडेनवमीला आईनेच विषय काढला. तिचं वय झालंय, आणि काचबिंदूने नजर जवळजवळ गेली आहे. खिडकी उजेडाने ओळखते, माणसं आवाजाने. सकाळी म्हणाली, "विनू, तुझं ते इंजिन काढ. पूजा करायची राहिलीय त्याची." माझी मुलगी मुग्धा आणि मी पेटी हॉलमध्ये ओढली. "बाबा, धिस इज सो हेवी! आत काय भरलंय?" मुग्धा म्हणाली. इंजिन टेबलावर ठेवलं. रंग ठिकठिकाणी सुटला होता.

आई खुर्ची ओढून बसली आणि हातांनी बघू लागली. चाकं, पायऱ्या, धुराडं. मागच्या गाडीवर बोटं आली, तशी ती हसली. "हे माझे टाके. हा बघ, इथं चाक अडकलं होतं, इथं दोन जवळ जवळ पडलेत." माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मग हात बॉयलरवर आला, डाव्या कुशीवर, आणि तिथेच राहिला. बोटं मागेपुढे फिरू लागली. तीच जागा, तशीच.

"आई," मी म्हणालो, "ते आत आहे."

"ठाऊक आहे मला. माझ्यासमोरच ठेवलंस की."

मला काहीतरी बोलायचं होतं, इतकी वर्षं जमवून ठेवलेलं. पण हाताला दुसरंच सुचलं. मी पुढचं गोल दार उघडलं. बिजागरी कुरकुरली आणि फिरली. मी आईचा हात धरून त्या भोकाच्या कडेवर ठेवला. तिने बोटाने कड चाचपली, पूर्ण गोल, आणि म्हणाली, "ही तर माझी बांगडी."

मग तिने अंगठा तळव्यात दुमडला, बोटं निमुळती केली, बांगड्या भरताना बायका करतात तसा हात मुडपला आणि अलगद आत सरकवला. मनगट गेलं. पाटली वर कोपराकडे सरकली. मुग्धा फोन खाली ठेवून उभी राहिली. आईचे न दिसणारे डोळे खिडकीतल्या उजेडाकडे होते, आणि आत, त्या अंधारात, तिची बोटं चालत होती. पत्र्यावर नख लागल्याचा बारीक आवाज येत होता.

"आईकडून," ती आधी म्हणाली. अक्षरांचं शेवटचं टोक दाराकडे होतं. मग खांदा झुकवून तिने हात आणखी आत घातला.

"सापडलं?" मी विचारलं.

"हौ." मग हळूच, कुणाला तरी हाक मारून बघावी तसं, "कुसुम."

"आजी, हू इज कुसुम?" मुग्धाने विचारलं. आई नुसती हसली, नूरभाईंच्या दुकानात हसली होती तशी.

थोड्या वेळाने मला काळजी वाटू लागली. हात आत उघडला होता, बोटं संधिवाताने आखडलेली, आता ती परत मुडपणार कशी? मी म्हणालो, "आई, साबण आणू का? हात निघतोय ना?"

"राहू दे रे थोडा वेळ," ती म्हणाली. "गाडी कुठं सुटायलीय?"